मान मुक्यानं द्यायचा

६ जानेवारी, हिंगणडोह

आले एकदाची! पहाटे चिपळूण सोडलं, कुंभार्ली घाट चढून कराड, कराडला झणझणीत मिसळ, आणि तिथून उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत दुपारी हिंगणडोहात. कृष्णा इथे मोठं वळण घेते. वळणाच्या आत खोल डोह, डोहासमोर वाळूचं बेट, आणि बेटावर ज्यांच्यासाठी मी आले त्या मगरी. एसटीतून उतरल्या उतरल्या तीन दिसल्या. मी रस्त्यात उभी राहून हसले. माझ्या ट्रंकेपेक्षा माझ्याकडेच लोक जास्त बघत होते.

राहायची सोय लीलाबाईंकडे. नवरा सैन्यात सुभेदार होता, वारला. आता घरात त्या आणि मुलगा वीरधवल. तो भाड्याने उसावर औषध फवारायचा मोठा ड्रोन चालवतो. माझा ड्रोन पेटीतून काढला तर म्हणाला, "मॅडम, ह्यो तर डास हाय! माझं बघा, गिधाड हाय गिधाड." लीलाबाईंनी त्याला गप्प केलं आणि मला विचारलं की एवढ्या लांबून सुसरी (इथे मगरीला सुसरच म्हणतात) बघायला येतात, तुमच्याकडं काय प्राणी न्हाईत व्हय? मी सांगितलं, आहेत की, देवमासे. तीन वर्षं मालवणच्या समुद्रात मी देवमाशांवर ड्रोन उडवला. प्रश्न एकच: वर यंत्र आलं की जनावराचं वागणं बदलतं का? उत्तर मिळालं: तीस मीटरच्या वर ठेवलं तर देवमासा ढुंकूनही बघत नाही. तोच प्रश्न आता कृष्णेतल्या मगरींना विचारायचा.

लीलाबाई म्हणाल्या, मग इचारा, पण लांबनं.

१४ जानेवारी

अकरा मगरी मोजल्या. थंडीत नऊनंतर त्या वाळूवर ऊन खात पडतात, त्यामुळे काम सोपं. साठ मीटर उंचीवर कोणी हलत नाही. चाळीसवर दोघी डोकं उचलतात. वीसवर सगळ्या सरसर पाण्यात.

सगळ्यांना नंबर दिलेत. सात नंबरचा नर चौदा फुटांचा, शेपटीचं टोक तुटलेलं. तो सर्वांत शेवटी पाण्यात जातो आणि जाण्याआधी मान तिरकी करून वर बघतो. देवमाशाचे कान पाण्याखाली, हवेतला आवाज तिथवर फारसा पोचत नाही. मगरीचे कान पाण्याच्या वर, डोळ्यांच्या लगेच मागे. एवढी नोंद केली आणि तिळगूळ खायला गेले. लीलाबाईंच्या पोळ्यांपुढे विज्ञान काही काळ थांबू शकतं.

२६ जानेवारी

आज ग्रामसभेत बोलले! कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मिळवल्या, पण आजच्यासारखं कधी बोलले नसेन.

विषय अर्जुनातात्यांचा. हे सत्तरीचे धनगर, बिरोबाच्या देवळाचे मानकरी. दर अमावास्येला देवळात बोकड पडतो, आणि त्याचं काळीज नि आतडी तात्या गुडघाभर पाण्यात उतरून डोहाला देतात. त्याला इथे नदीचा मान म्हणतात. गेल्या अमावास्येला त्यांचा पाय सटकला आणि धोतराचा सोगा मगरीच्या दातांत राहिला. सरपंच हंबीरराव म्हणाले, काय करायचं बोला.

मी उठले. म्हणाले, सत्तर वर्षांच्या माणसाला जनावराच्या तोंडी रोज नाही पण महिन्याला एकदा लोटणं, याला तुम्ही मान म्हणता? मग अपमान कशाला म्हणाल? मान द्यायचाच असेल तर खुशाल द्या, पण माणूस काठावर ठेवा आणि ओझं यंत्रावर टाका. वीरधवलचा ड्रोन दहा किलो उचलतो. यंत्राला घाबरू नका. यंत्र फक्त बघतं, चावत नाही!

टाळ्या थांबेनात. हंबीररावांनी हे शेवटचं वाक्य दोनदा म्हणून पाहिलं.

तात्या शांतपणे एवढंच म्हणाले, "मान मुक्यानं द्यायचा असतोय, बाय. हलगी न्हाई, हाक न्हाई, खोकायचंबी न्हाई. पाण्यावर ठिवायचा नि मागं न बघता फिरायचं. घर येईस्तोवर बोलायचं न्हाई." मी विचारलं, का? ते म्हणाले, बा सांगायचा. मी म्हणाले, ज्याचं कारण सांगता येत नाही त्याला रूढी म्हणतात. पुन्हा टाळ्या. तात्याही हसले, पण ते हसणं टाळ्यांतलं नव्हतं.

२९ जानेवारी, अमावास्या

वीरधवलच्या गिधाडाने मान वाहिला. डोहावर जाऊन, भणभणत, सगळं एकदम सोडलं. पाणी उकळल्यासारखं झालं. काठावर अख्खा गाव, पोरंसोरं खांद्यावर, मोबाइल वर. तात्या देवळातच बसून होते.

मी माझा ड्रोन चाळीस मीटरवर ठेवून चित्रण केलं. आणि एक गोष्ट टिपली, जिने मला आज झोप येणार नाही: खाऊन झाल्यावर अकराही मगरी वर आल्या आणि पळाल्या नाहीत. वीस मीटरवर आणला, तरी नाहीत.

ही संधी आहे. सवय किती दिवसांत लागते ते मोजता येईल!

१२ फेब्रुवारी

पलूसच्या चिकनवाल्याकडून रोज टाकाऊ माल आणते. ड्रोनच्या चिमट्यात पावशेराचा तुकडा, सकाळी साडेनऊला उडवायचा, वाळूवर सोडायचा. असं पंधरा दिवस केलं. आता दहा मीटरवरही कोणी पळत नाही. उलट चार दिवसांपासून ड्रोन उडण्याआधीच डोकी काठाकडे वळतात. मी पंखे फिरवून बघते आणि बंद करते. पंखे फिरले, डोकी वळली. बंद, तरी वळलेलीच.

माझ्या मार्गदर्शक सरांना कळवताना तुकड्यांचं लिहिलं नाही. अभ्यासात खाणं दिलं असं कळलं तर सगळा अभ्यास फुकट जाईल. नंतर सांगेन.

वीरधवल म्हणतो, मॅडम, तुमच्या डासाला सुसरी वळखाय लागल्या. मला अभिमान वाटला. खरंच वाटला, लिहून ठेवते.

२ मार्च

वीरधवल मळ्यात फवारत होता. नदीपासून दोनशे पावलांवर. उसाच्या सरीतून मगर आली. थेट ड्रोनच्या खाली येऊन थांबली आणि तोंड उघडून वर बघत राहिली. वरून औषध पडत होतं, तिच्या तोंडात. मजूर बांधावर चढले. तिला काहीच मिळालं नाही, तेव्हा तिने शेजारी बांधलेलं रेडकू धरलं. दावं तुटलं नाही. रेडकूच तुटलं. अर्धं खुंट्याला राहिलं.

लीलाबाईंनी ते अर्धं पाचटाखाली झाकलं आणि मला म्हणाल्या, सुसर मळ्यात कवाच आली न्हवती. माझं लगीन झाल्यापास्नं न्हाई.

मी म्हणाले, उन्हाळा लागतोय, पाणी आटतंय.

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडाने.

१६ मार्च

सुलाबाई गेली. शेजारची. काल मला उकडलेल्या शेंगा दिल्या होत्या.

जत्रेआधी इथे घरोघरच्या वाकळा-गोधड्या नदीवर धुतात. सुलाबाई पायरीवर वाकळ आपटत होती. पलीकडच्या पायरीवर मिरजेहून आलेलं जोडपं लग्नाआधीचं चित्रीकरण करत होतं. त्यांच्या फोटोवाल्याने ड्रोन उडवला. मी बेटासमोर बसले होते, माझा ड्रोन पेटीत. मी पाहिलं. भणभण सुरू झाली आणि बेटावरची सगळी डोकी एकदम वळली. सहा मगरी पाण्यात शिरल्या, घाटाच्या दिशेने.

मी ओरडले. नदी रुंद आहे.

सात नंबर पायरीवर अर्ध्या अंगाने वर आला आणि त्याने सुलाबाईला कमरेला धरलं. तिने वाकळ सोडली नाही. एक गिरकी, दोन, तीन. दुसऱ्या गिरकीला आवाज आला, ओला बांबू मोडल्यासारखा. जोडप्यातली मुलगी हसतच होती, तिला वाटलं बाई पाय घसरून पडली. फोटोवाला खाली बघायला ड्रोन आणखी खाली आणत होता, आणि जितका तो खाली येत होता तितक्या जास्त मगरी वर येत होत्या.

संध्याकाळी वाकळ वर आली. गुंडाळलेली. तात्यांनी ती उलगडली नाही.

१७ मार्च

कळलं.

मुक्यानं का, ते कळलं. तात्यांना माहीत नव्हतं, त्यांच्या बापालाही नसेल, पण पहिल्यांदा ज्याने हा नियम घातला त्याने पाहिलं असणार. हलगी वाजवून मान दिला असेल. मग एके दिवशी लग्नाची हलगी घाटावर वाजली असेल. कोणी तरी पाण्यात गेलं असेल. म्हणून, आवाज नको. हाक नको. खोकू नको. जनावराला घास मिळू दे, पण घासाची खूण मिळू देऊ नको.

हे शास्त्र होतं. मी त्याला रूढी म्हणाले आणि टाळ्या घेतल्या.

आणि मी खूण दिली. शेहेचाळीस दिवस, रोज साडेनऊला.

उद्या सांगते. उद्या ग्रामपंचायतीत जाऊन सांगते.

२१ मार्च

सांगितलं नाही. सरांना पत्र लिहिलं, फाडलं. तुकडे टाकणं बंद केलं आहे. बंद केल्यावर विसरतील. किती दिवसांत? कोणत्याच पुस्तकात नाही.

वीरधवलला आज दोनदा सांगायला गेले. दोन्ही वेळा तो हसत होता.

२४ मार्च

सकाळी ठरवून निघाले. तो नदीकाठी टाकी भरत होता. एक टाकी उडवायची, दुसरी भरून ठेवायची, म्हणून ड्रोन हवेतून त्याच्याकडे परत येत होता, त्याच्या डोक्यावर, भणभणत. मी बांधावरून पळत होते. शंभर पावलं राहिली होती. मी ओरडले, वीरधवल, तो बंद कर! त्याने कानाला हात लावला. ऐकू येत नव्हतं. त्या आवाजात कसं येईल?

पाण्यातून दोन आल्या. एकीने हात धरला, खांद्यापासून. दुसरीने मांडी. त्या दोघी विरुद्ध दिशेला ओढत होत्या. तो माझ्याकडे बघत होता. "मॅडम" म्हणाला. मोठ्याने नाही, रोज हाक मारतो तसं; ओठांवरून कळलं. हातातला रिमोट सुटला, ड्रोन त्यांच्यावर पडला, आणि पाती फिरतच राहिली. मगरीच्या पाठीत, त्याच्या मानेत, पाण्यात. मी काठाशी पोचले तेव्हा रक्ताचा फवारा उडाला तो माझ्या चष्म्यावर. मी चष्मा पुसला. का पुसला? नसता पुसला तर

शंभर पावलं. एक आठवडा आणि शंभर पावलं.

२५ मार्च

लीलाबाईंना सगळं सांगितलं. तुकडे, पंखे, सतरा तारीख, सगळं. त्यांनी ऐकलं. भाकरी तव्यावर होती, ती उलटली. मग म्हणाल्या, "आठ दिस आदी म्हाईत हुतं तुला?"

मी हो म्हणाले.

त्यांनी भाकरी ताटात घातली, ताट माझ्यापुढे सरकवलं आणि आत जाऊन कडी लावली.

६ एप्रिल

तेरावा काल झाला. शनिवारी, चैत्र पौर्णिमेला बिरोबाची जत्रा. पालखी नदीत उतरते, देवाला स्नान घालतात. चारशे माणसं कमरेएवढ्या पाण्यात. हंबीररावांनी कराडहून ड्रोन मागवलाय. वीस किलो झेंडू. वरून देवावर टाकायचा.

भणभण. आणि वरून काहीतरी पडणार. चारशे माणसांवर.

पहिल्या घागरीचा मान लीलाबाईंच्या घराचा. पालखीच्या पुढे, सर्वांत खोल पाण्यात. तेरावा झाला, म्हणून त्या जाणार. म्हणतात, पोरगं गेलं, मान जायाचा न्हाई.

११ एप्रिल

सभेत उभी राहिले. खूप बोलले. आयुष्यात एवढं खरं कधी बोलले नव्हते. एकही टाळी नाही. हंबीरराव उठले आणि म्हणाले, मॅडमनीच आमाला शिकवलं, यंत्र फक्त बघतं, चावत न्हाई! लोक हसले. टाळ्या. माझ्याच वाक्याला.

मागून कोणी म्हणालं, वीरधवलच्या मरणानं बाईचं डोस्कं फिरलंय. कोणी म्हणालं, देवाच्या पाण्यात सुसर येत न्हाई, पिढ्यान्‌पिढ्या आली न्हाई. खरं आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोणी शिकवलं नव्हतं.

जिथे जिथे फोन करता येईल तिथे केला. सोमवारी बघू म्हणाले. जत्रा शनिवारी. कराडच्या ड्रोनवर दगड मारायला गेले तर पोरांनी हात पिरगाळून बाहेर काढलं.

सरांना सगळं लिहून पाठवलं. तुकड्यांसकट.

आणखी एकच उपाय आहे. मगरींना माझ्या ड्रोनचा आवाज जास्त ओळखीचा आहे.

१२ एप्रिल, सकाळी ९

चिकनवाल्याकडून पोतं आणलं. तीन बॅटऱ्या, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. पालखी दहाला पाण्यात, सव्वाअकराला वर. पुरतं. जेमतेम.

काठावरून उडवून चालणार नाही, घाट जवळ पडतो. बेटाच्या खालच्या टोकाला जावं लागेल. ते टोक घाटापासून अर्धा मैल खाली.

तात्यांना विचारलं. त्यांनी उठून गुऱ्हाळाची जुनी काहील, गूळ आटवायची मोठी कढई, पाण्यात ढकलली. तिच्यातच बसून इथले लोक नदी ओलांडतात.

९.४०

बेटावर. तात्यांनी मला वाळूवर उतरवलं, पोतं उतरवलं. मी म्हणाले, येते तात्या. ते बोलले नाहीत. काहील वळवली. मागे बघितलं नाही. अजून जातायत, पाठमोरे, मुके.

मग माझ्या लक्षात आलं ते काय करतायत.

बरोबर आहे, तात्या. असंच द्यायचं असतं.

९.५५

ड्रोन वर. वीस मीटर, माझ्या डोक्यावर. तो तिथे स्थिर राहतो, म्हणून लिहिता येतंय. तीन मगरी आल्या. तुकडे लांब टाकतेय.

१०.०५

पालखी पाण्यात. हलगी ऐकू येते. सात आल्या. खालच्या डोहातूनही येतायत, मी कधी मोजल्या नव्हत्या त्याही. नऊ.

१०.२०

बॅटरी बदलली. बदलताना तो खाली घ्यावा लागतो, पायाशी. तुकडा पडतो तिथे. एकीने बूट नेला. बोटं दोन गेली असावीत, खाली बघत नाही. रुमाल बांधला. झेंडूचा ड्रोन दिसतोय, पिवळा पाऊस. घाटावर पाणी शांत. शांत! सगळ्या इथे आहेत. तेरा.

१०.४५

शेवटची बॅटरी. पोतं रिकामं. पोतंही फेकलं, तेही खाल्लं. सात नंबर पुढे आहे. मान तिरकी करून आधी वर बघतो. मग माझ्याकडे. वर. माझ्याकडे. हिशोब जुळत नाहीये त्याचा.

लीलाबाईंची हिरवी साडी दिसते. घागर डोक्यावर—

१०.५८

डावा हात गेला. मनगटापासून. दुखत नाही अजून. वही गुडघ्यावर. रक्तावर सगळ्या—त्यांची त्यांच्यातच—एकीने दुसरीचा पाय—

तो अजून वर आहे. भणभण चालू आहे. चालू राहायला पाहिजे.

११.०६

हलगीचा ठेका बदलला. पालखी वर निघाली. पायऱ्या चढतायत. हिरवी साडी पायरीवर. थांबली. इकडे बघतेय. बघू नका लीलाबाई. मागं बघायचं नसतं—

११.०९

घाट रिकामा

११.१०

बॅटरी संपली. आता तो आपोआप उतरतो, उडाला तिथेच. पंधरा मीटर. सगळ्यांनी तोंडं वर केली. दहा. सात नंबर माझ्या पायाशी. तोही वाट बघतोय. उंची पाच. चार. मी आवाज करणार नाही. उंची दोन. उं